लिहिलेलं आईला दाखवायचं का?



आजचा विषय ऐकायला साधा आहे. बाईनं गोष्ट लिहिली, कादंबरी लिहिली, नाहीतर स्वतःच्या आयुष्यातलं चार पानं लिहिलं. ते छापून आलं, किंवा आपल्या रेडिओवर वाचून दाखवलं. सगळ्या गावानं ऐकलं तरी चालेल, पण आईनं? आईच्या हातात ते द्यायचं का? या एका प्रश्नापाशी लिहिणाऱ्या कितीतरी बायांचे हात थांबतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

आम्ही म्हणजे घाटावरच्या तीन गावांतल्या अकरा जणी. आमचे बचत गट वेगवेगळे आहेत. महिन्याची बैठक झाली, पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की आम्ही आणखी तासभर बसतो. पिशवीतून वह्या काढतो. जिला लिहिता येतं ती लिहून आणते, जिला येत नाही ती सांगते आणि दुसरी उतरवून घेते. सुरुवातीला पाककृती लिहिल्या, मग सणवार, मग सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. हळूहळू घर वहीत यायला लागलं. घर आलं तशी भीतीही आली.

एके दिवशी आम्ही ठरवलं की प्रत्येकीनं खरं सांगायचं, आपण लिहिलेलं कुणी वाचायची सगळ्यात जास्त भीती वाटते? आम्हाला वाटलं होतं, बहुतेक जणी नवऱ्याचं नाव घेतील, सासूचं घेतील. काहींनी घेतलंही. पण अकरापैकी सात जणी म्हणाल्या, आई. आम्हीच एकमेकींकडे पाहत राहिलो. जी आपल्याला सगळ्यात जवळची, जिच्यापाशी रडायला म्हणून आपण माहेरची एसटी धरतो, तिचीच भीती कशी?

मग एकेक जण बोलायला लागली. एक म्हणाली, मी लिहिलं की नायिकेचा बाप दारू पिऊन मारायचा. माय म्हणेल, मेलेल्या माणसाला कशाला चव्हाट्यावर आणलंस? दुसरी म्हणाली, माझ्या गोष्टीत बाईच्या मनातलं आहे, अंगाचं आहे. आईपुढे मी अजून पदर सावरून बसते, तिला हे कसं वाचायला देऊ? तिसरी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, मी लिहिलंय की त्या मुलीला तिच्या आईचा राग येतो.

हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण हे सगळ्यात अवघड आहे. आपला जिल्हा जिजाऊंचं माहेर. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसांचा पूर येतो. आई म्हटलं की आपण हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. पण हात जोडल्यावर तिच्याकडे माणूस म्हणून बघणं अवघड होतं. आई दमायची, चिडायची, कधी आपल्याला फटका द्यायची, कधी आपली बाजू घ्यायची सोडून गप्प बसायची. हे लिहिताना आपण पाप करतोय असं वाटतं. आणि हे न लिहिता आईबद्दल लिहिलं, तर कागदावर उतरते ती आई नसते, भिंतीवरचा फोटो असतो.

ही भीती आजची नाही. आणि आपल्या जिल्ह्याला तर लिहिणाऱ्या बाईचा फार जुना मान आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं नाव पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८५० चा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्या काळात त्यांनी मुलीला शिकवलं. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. अब्रूच्या भीतीनं तिनं आपलं मूल मारलं, म्हणून तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच नावानं खडे फोडणं सुरू झालं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली ते पुण्यात छापून आलं. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

नाव घालण्याची ती हिंमत आजही सोपी नाही. पण आम्ही ते पुस्तक गटात वाचलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ताराबाईंनी आपल्या घरातल्या कुणाचं गाऱ्हाणं मांडलेलं नाही. त्या सगळ्या पुरुषांशी भांडतात, सगळ्या बायांच्या वतीनं भांडतात. घरातलं दुःख पुस्तकात आलं असेल तरी ते सगळ्यांचं होऊन आलं आहे. एवढं करूनही त्यांच्यावर टीका झाली. महात्मा फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ते एक पुस्तकही लोक विसरले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणून आपल्या हाती लागलं.

पुढे पन्नास वर्षांनी दुसऱ्या एका बाईनं वेगळी वाट धरली. बाळूताई खरे, शिरूर-घोडनदीकडच्या. वडील शिक्षक, आई इंदिराबाई दूधदुभत्याचा धंदा सांभाळणाऱ्या. पंचवीसेक वर्षं त्यांनी तो धंदा चालवला. म्हणजे आपल्या गटातल्या कितीतरी जणींसारख्याच. बाळूताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. लग्न न झालेल्या शिकलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हुंड्यापायी त्यांचे काय हाल होतात, हे त्यांनी गोष्टींमधून लिहिलं. १९३३ साली पुस्तक आलं, ‘कळ्यांचे निःश्वास’. त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. केवढा गदारोळ उठला! ही विभावरी आहे कोण, याचा शोध सुरू झाला. बाईनं असं उघड लिहावं हे पुष्कळांना सहन झालं नाही, आणि बाळूताई त्या नावाच्या पडद्याआड राहिल्या. पुढे लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि विभावरी म्हणजे कोण हे जगालाही कळलं.

टोपणनाव घेतलं म्हणून कुणी त्यांना भित्री म्हणू नये. त्या नावानं त्यांना लिहायला जागा दिली. पण आपण खेड्यात राहतो, आणि खेड्यात टोपणनाव फार दिवस टिकत नाही. तुम्ही नायिकेचं नाव बदला, गावाचं बदला. दारातली चिंच, वाड्याची पडलेली भिंत, एका डोळ्यानं अधू असलेली म्हैस हे वाचलं की शेजारीण लगेच म्हणते, अगं, हे तर तुमचंच घर! आणि आईला तर एवढ्याचीही गरज नाही. तिला पहिल्या ओळीतच कळतं.

मालतीबाईंनी नंतर आणखी एक पुस्तक लिहिलं, त्याबद्दल सांगायला हवं. १९५३ साली ‘खरेमास्तर’ आलं. ते त्यांच्या वडिलांवर आहे. म्हणजे ज्या लेखिकेला आपलं नाव झाकून सुरुवात करावी लागली, तिनंच पुढे स्वतःच्या माहेराच्या नावानं पुस्तक लिहिलं. घराबद्दल लिहिण्याचं धाडस एकदम येत नाही. त्याला वेळ लागतो. वीस वर्षंही लागतात.

वीस वर्षं म्हटलं की फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. मग दुकानात एकट्या असताना वहीत लिहायला लागल्या. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. नवऱ्यापासून, घरातल्या माणसांपासून त्यांनी ते लिखाण वीसेक वर्षं लपवलं. पुढे ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात बेबीताईंनी आपल्या आईबद्दलही लिहिलंय. वडिलांनी तिला घराबाहेर पडू दिलं नाही, ती पिंजऱ्यातल्या पाखरासारखी कोंडून राहिली, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. पण स्वतःच्या संसारात त्यांनी जो मार खाल्ला, तो त्यांनी त्या पुस्तकात लिहिला नाही. पुढे मुलाखतीत विचारल्यावर त्यांनी ते सांगितलं. पुस्तक त्यांना समाजाचं लिहायचं होतं, म्हणून स्वतःचं बाजूला ठेवलं.

म्हणजे बघा, काय सांगायचं आणि काय ठेवायचं, हे प्रत्येक लिहिणारीनं आपल्यापुरतं ठरवलं. ताराबाईंनी नाव दिलं आणि घर बाजूला ठेवलं. मालतीबाईंनी आधी नाव झाकलं. बेबीताईंनी वही झाकली. तिघींपैकी कुणीही लिहायचं सोडून पळून गेली नाही.

आणि आपल्याकडे पुरुष लेखकही घरातलं लिहितात की! आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ कादंबरी घ्या. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरातली ओढाताण, बापलेकाचा, नवराबायकोचा वाद, सगळं त्यात आहे. आपण ते वाचून म्हणतो, खरं लिहिलंय, आमच्याच घरचं लिहिलंय. पण तेच बाईनं लिहिलं की पहिला प्रश्न येतो, घरच्यांना विचारलं होतं का? पुरुषानं लिहिलं की ते गावाचं दुःख होतं, बाईनं लिहिलं की घराची अब्रू जाते. आईच्या नजरेची आपल्याला जी भीती वाटते, तिच्यात हीही भीती मिसळलेली आहे. आईला आयुष्यभर हेच शिकवलं गेलं की घराची अब्रू तू राखायची. मग लेकीनं वही उघडली की ती राखणदारीण जागी होते.

पण जरा मागं जाऊन बघू. आपल्या आज्या-पणज्या काय करायच्या? पहाटे जात्यावर बसायच्या. जड जातं एकटीनं ओढवत नाही, म्हणून समोरासमोर दोघी. कधी सासूसुना, कधी जावाजावा, आणि लेक माहेरी आली की मायलेकी. खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. सासरचा छळ, नवऱ्याचा राग, भावाची आठवण, मूल होत नाही याचं दुःख, सगळं तिथं निघायचं. गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी गावातल्या बायांच्या मदतीनं गोळा केल्या. त्या आता इंटरनेटवर ‘पारी’ या ठिकाणी ऐकायलाही मिळतात.

आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं. ओवी गाणाऱ्या बाईची पहिली ऐकणारी तिच्या समोरच बसलेली असायची, आणि पुष्कळदा ती आईच असायची. लेक गायची तेव्हाच आईला कळायचं की हिचं सासरी ठीक नाही. वेगळं सांगावं लागत नव्हतं, वेगळं लपवावंही लागत नव्हतं. जात्याच्या घरघरीत आईही आपलं उत्तर ओवीतच द्यायची. आता आपण एकट्या लिहितो. रात्री सगळे निजल्यावर, चुलीपाशी, नाहीतर मोबाईलच्या उजेडात. समोर कुणी नसतं. म्हणून लिहिताना मोकळं वाटतं, आणि लिहून झाल्यावर घाबरायला होतं.

शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाईंचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना गाणी सुचायची आणि मुलगा सोपानदेव, घरातली माणसं ती उतरवून घ्यायची. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. तिथं आई सांगणारी होती आणि लेकरू लिहून घेणारं. आईला अक्षर येत नाही म्हणून तिला आपलं लिखाण कळणार नाही, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी बहिणाबाईंकडे बघावं.

आता आमच्या गटातलं सांगतो. नावं सांगणार नाही, सांगायची परवानगी मात्र घेतली आहे.

आमच्यातल्या एकीनं चार वह्यांची कादंबरी लिहिली. गोष्ट अशी की एका हुशार मुलीचं दहावीची परीक्षा झाल्याबरोबर लग्न लावून देतात. ती मुलगी पुढे संसार करते, शेती करते, पण आईला माफ करत नाही. गोष्टीतली गावं वेगळी, नावं वेगळी. पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की हे तिचंच आहे. एका मासिकानं त्यातला भाग छापायची तयारी दाखवली आणि आमच्या मैत्रिणीची झोप उडाली. म्हणाली, माय म्हातारी झाली, तिला आता या वयात हे कशाला? मी छापत नाही. आम्ही विचारलं, मायला वाचता येतं का? म्हणाली, नाही, पण कुणीतरी सांगेलच की!

कुणीतरी सांगणारच असेल, तर ते कुणीतरी तूच का नाही? आम्ही एवढंच म्हटलं. दोन महिने ती काही बोलली नाही. मग तूर निघाल्यावर माहेरी गेली. माय तूर निवडत बसलेली. ही म्हणाली, मी एक गोष्ट लिवली, वाचू का? माय म्हणाली, वाच ना मग, माहे हात रिकामे नाईत, कान तं रिकामे हायेत.

तीन दुपारी वाचन चाललं. पहिल्या दिवशी मायनं फक्त चुका काढल्या. त्या साली आपल्या शेतात सोयाबीन नव्हतं, कपाशी होती. विहिरीला तेव्हा मोटर नव्हती. दुसऱ्या दिवशी लग्नाचं प्रकरण आलं. गोष्टीतली मुलगी हळदीच्या रात्री जागी आहे, आणि पलीकडे आई शांत झोपली आहे, असं आमच्या मैत्रिणीनं लिहिलं होतं. माय निवडता निवडता थांबली. म्हणाली, “हे बाकी खरं हाय. पण त्या राती म्या बी डोयाले डोया लावला नाई. थे नाई लिवलं तुनं.”

तीस वर्षांत हे मायनं कधी सांगितलं नव्हतं, आणि लेकीनं विचारलंही नव्हतं. मग तिनं सांगितलं की लग्न पुढं ढकला म्हणून ती कुणाकुणाशी भांडली, कुणी काय उत्तर दिलं, आणि शेवटी तिची बोलतीच कशी बंद केली. आमच्या मैत्रिणीचा राग त्या दिवशी संपला असं आम्ही म्हणणार नाही. ती स्वतःच म्हणते की संपला नाही. पण कादंबरीतली ती रात्र तिनं पुन्हा लिहिली. आता तिथं दोघी जाग्या आहेत, आणि मधे भिंत आहे. मुलीला ते कळत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. आम्हाला विचाराल तर सगळ्या कादंबरीत ते प्रकरण सगळ्यात चांगलं उतरलंय.

तिसऱ्या दिवशी मायनं एका ठिकाणी हात वर केला. मावशीच्या घरातली एक गोष्ट त्यात आली होती. माय म्हणाली, “माह्याबद्दल लिव, तुह्याबद्दल लिव. पण थे तिचं हाय. तिले इचार.” मैत्रिणीनं तेवढा भाग काढून टाकला. बाकी एका शब्दालाही मायनं नको म्हटलं नाही.

सगळ्यांचं असं गोड होत नाही, हेही सांगायला हवं. आमच्यातल्याच दुसरीनं वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आई उठून आत गेली. दोन महिने फोन घेतला नाही. दिवाळीला माहेरी बोलावलं, जेवू घातलं, साडीही दिली. त्या लिखाणाचा विषय मात्र आजपर्यंत काढलेला नाही. मैत्रीण म्हणते, तिनं मला तोडलं नाही, एवढंही माझ्यासाठी पुष्कळ आहे. तिनं ते लिखाण फाडलं नाही. ते अजून छापलेलंही नाही. वही गटाच्या पेटीत आहे.

या दोन अनुभवांवरून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या कामी येतील म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, लिहिताना आईला समोर बसवू नका. आई काय म्हणेल याचा विचार करत लिहिलं की हात आखडतो. पहिल्यांदा सगळं लिहून काढा. कुणाला दाखवायचं, हा प्रश्न नंतरचा.

दुसरी गोष्ट, छापायच्या आधी, रेडिओवर यायच्या आधी आईला सांगा. तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात कुणीतरी तिला म्हणावं की तुमच्या लेकीनं असंअसं लिहिलंय बरं का, हे तिच्या वाट्याला येऊ देऊ नका. शक्य असेल तर स्वतः वाचून दाखवा. चार माणसं बसलेली असताना नको. दोघीच असताना, हाताला काही काम असताना वाचा. हातात काम असलं की बोलणं सोपं जातं. डोळ्यात पाणी आलं तर मान खाली घालायला जागा असते.

तिसरी गोष्ट, आपलं काय आणि तिचं काय, हे वेगळं करा. मला मार बसला, माझी शाळा सुटली, मला राग आला, हे माझं आहे. ते लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. पण आईनं एखाद्या रात्री आपल्यापाशी मन मोकळं करून काही सांगितलं असेल, तिच्या तरुणपणाचं, तिच्या अंगाचं, तिच्या माहेरचं, तर ते तिचं आहे. ते कथेत घालायचं तर तिला विचारून. ती हयात आहे, तर विचारणं अवघड असेल, पण होण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. तुमच्यावर कुणी अन्याय केला, हात टाकला, आणि आई म्हणते गप्प बस, घराची अब्रू जाईल. तेव्हा काय करायचं? आम्ही यावर दोन बैठका भांडलो. शेवटी एवढ्यावर एकमत झालं की आईचा मान राखायचा म्हणून वही फाडायची नाही. छापायची घाई करू नका, पण फाडूही नका. घरात ठेवणं धोक्याचं असेल तर भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. बेबीताईंच्या वह्या वीस वर्षं लपून राहिल्या, म्हणून आज आपण त्या वाचतो.

आणि पाचवी गोष्ट, थांबायचं तरी किती, याचाही विचार करा. फ्रान्समध्ये ॲनी अर्नो नावाच्या लेखिका आहेत, त्यांना २०२२ साली नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे आईवडील एका लहान गावात किराणा दुकान आणि कॉफीचं दुकान चालवायचे. अर्नोबाईंनी पहिली कादंबरी नवऱ्यालाही न सांगता लिहिली. आईवरचं पुस्तक त्यांनी लिहिलं ते आई गेल्यावर. आपल्याकडे कोकणातल्या ऊर्मिला पवारांची आईही तशीच कष्टाची. वडील लवकर गेले, आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणून लेकरं वाढवायची. बांबूच्या अशा वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. ऊर्मिलाताईंनी २००३ साली आलेल्या आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं त्या मानतात. आई गेल्यावरही तिच्यावर चांगलं पुस्तक लिहिता येतं. पण तेव्हा “थे नाई लिवलं तुनं” असं सांगायला ती नसते.

शेवटी आमचं बोलणं आयांशी. आत्या, मावश्या, काकू, तुम्ही आता ऐकत असाल. हातात काहीतरी निवडणं-टिपणं चालू असेल. तुमची लेक वही घेऊन कोपऱ्यात बसत असेल, तुम्ही गेल्यावर पान झाकत असेल, तर तिच्यावर रागावू नका. ती तुमच्या चुगल्या लिहीत नाही. लहानपणी तिला जे दिसलं आणि कळलं नाही, ते समजून घ्यायला ती लिहिते. त्यातलं अर्धं फक्त तुम्हालाच माहीत आहे. तिला म्हणा, वाच, मी ऐकते. जिथं चुकलं असेल तिथं चुकलं म्हणा. जिथं दुखेल तिथं दुखलं म्हणा. नको असेल ते नको म्हणा, आणि का नको तेही सांगा. ऐकून घेतलं म्हणजे सगळं कबूल केलं, असं होत नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कुणीकुणी लिहितं, कुणी लपवून लिहितं, कुणाला लिहायचं आहे पण आईसाठी थांबली आहे, हे एकमेकींना विचारा. जिला वाटेल तिनं आम्हाला पत्र पाठवावं, नाव नको असेल तर नाव घालू नका. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी केंद्रावर येऊन सांगावं, आम्ही उतरवून घेऊ आणि तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय ते कुठंही देणार नाही.